तोंडी नकाराला अपील नसते

गेल्या वर्षी मृगाच्या तोंडावर गावातल्या कृषी केंद्रांपुढे सोयाबीनच्या बियाण्यासाठी रांगा लागल्या होत्या, आणि आम्ही नवरा-बायको मुलाची कागदपत्रे कापडी पिशवीत घालून एका हायस्कूलच्या कार्यालयाबाहेरच्या बाकावर बसून होतो. मुलगा तेरा वर्षांचा असून स्वमग्न आहे आणि त्याच्या दिव्यांग प्रमाणपत्रावर ६० टक्के असे लिहिलेले आहे. जिल्हा परिषदेच्या शाळेतून तो सातवी उत्तीर्ण झाला. ती शाळा सातवीपर्यंतच असल्यामुळे आठवीला दुसरीकडे जाणे भाग होते, आणि घरापासून चालत बारा मिनिटांवर संस्थेची अनुदानित माध्यमिक शाळा असल्यामुळे शाळा कोणती, हा प्रश्न आमच्या घरात कधी पडलाच नव्हता. त्या शाळेच्या पटावर मुलाचे नाव चढायला आठ आठवडे लागले. त्यांतले पहिले दोन मी फुकट घालवले. ते कसे गेले, हे आधी सांगतो, कारण मराठवाड्यातल्या इतर पालकांशी बोलताना मला दिसले आहे की बहुतेकांचे सगळे वर्षच त्या दोन आठवड्यांत संपते.

पहिल्या भेटीत मुख्याध्यापकांनी मुलाला समोर उभे करून विचारले, "काय रे, नाव काय तुझं?" मुलगा भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहत म्हणाला, "काय रे, नाव काय तुझं?" सरांच्या कपाळाला आठी पडली. ऐकलेले वाक्य जसेच्या तसे परत म्हणणे हे स्वमग्न मुलांत पुष्कळदा आढळते. त्यात उद्धटपणा नसतो, निदान आमच्या मुलाच्या बाबतीत तरी ती उत्तर जुळवण्याची पूर्वतयारी असते. अर्ध्या मिनिटाने त्याने नाव, आडनाव, गाव, तालुका, जिल्हा असे सगळे क्रमाने सांगितले, पण तोपर्यंत सर कपाटातली फाइल शोधायला उठले होते. त्यानंतर त्याला पाचवीच्या पुस्तकातला एक उतारा वाचायला लावण्यात आला, तीन गणिते घालण्यात आली आणि एका कोऱ्या कागदावर गुण लिहिण्यात आले. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १३ प्रमाणे प्रवेशासाठी मुलाची अशी कोणतीही चाळणी घेण्यास मनाई आहे आणि पहिल्या उल्लंघनाला २५ हजार रुपयांपर्यंत दंड आहे, हे मला त्या दिवशी माहीत नव्हते. मी उलट मुलाला म्हणत होतो, "नीट वाच, सर बघतायत."

त्या दिवशी कारण मिळाले ते तुकडी भरल्याचे. दुसऱ्या भेटीत आमच्याकडे विशेष शिक्षक नाहीत, असे ऐकायला मिळाले. तिसऱ्या भेटीत सर अगदी आपुलकीने म्हणाले, "भाऊ, लेकराचं भलं व्हावं म्हणून सांगतो, त्याला विशेष शाळेत टाका. इथं त्याचे हाल होतील." चौथ्या खेपेला सर भेटलेच नाहीत, पण कार्यालयातल्या एका गृहस्थाने पान लावता लावता खरे काय ते सांगून टाकले: "दोन वर्षांनी दहावीला बसणार ना तो? निकालाचं काय?"

निकालाचा हा धाक बाहेरच्या माणसाला पटकन कळणार नाही. 'लातूर पॅटर्न' या दोन शब्दांवर मराठवाड्यातल्या दोन-तीन पिढ्या वाढल्या आहेत. जून महिन्यात कोणत्याही तालुक्याच्या बसस्थानकासमोर उभे राहिले की दहावीच्या गुणवंतांचे फ्लेक्स आकाश झाकून टाकतात, आणि त्यांत सर्वांत मोठ्या अक्षरांत मुलाचे नाव नसते, 'शाळेचा निकाल १०० टक्के' हे असते. पटसंख्या घटली तर संचमान्यतेत, म्हणजे शाळेची शिक्षकपदे मंजूर होतात तेव्हा, शिक्षकाचे पद जाते, पटसंख्या टिकवायची तर निकाल दाखवावा लागतो, आणि निकाल दाखवायचा तर ज्याच्याविषयी शंका आहे तो मुलगा आठवीतच दाराबाहेर राहिलेला बरा, असा हा साधा हिशेब आहे. मुख्याध्यापक दुष्ट होते असे मला वाटत नाही. हिशेबाला मात्र ते पक्के होते.

या चार खेपांनंतर मी पंचायत समितीत गटशिक्षणाधिकाऱ्यांच्या कार्यालयात गेलो आणि तावातावाने सगळी हकिगत सांगितली. तिथल्या विस्तार अधिकाऱ्यांनी ती पूर्ण ऐकून घेतली आणि एवढेच विचारले, "प्रवेश नाकारल्याचं पत्र कुठं आहे?"

पत्र नव्हते. एवढेच काय, प्रवेश मागितल्याचा माझा अर्जही नव्हता, कारण प्रत्येक वेळी "अर्ज नंतर देऊ, आधी सरांशी बोला" असे सांगण्यात आले होते आणि ते मला सौजन्याचे वाटले होते. कागदोपत्री पाहिले तर मी त्या शाळेत कधी गेलोच नव्हतो आणि शाळेने मला कधी नाही म्हटलेच नव्हते. शाळा आपल्याकडच्या मुलांना नाकारतात त्या अशाच, बाकावर बसवून, चहा पाजून, तोंडी. कायद्यात तक्रारीची आणि अपिलाची व्यवस्था आहे, पण ती कशाविरुद्ध तरी करायची असते, आणि ते 'कशाविरुद्ध' हातात येऊ न देणे हीच या नकाराची सगळी कारागिरी असते.

त्यात माझ्याकडून आणखी एक चूक झालेली होती. नवीन प्रवेश नक्की होण्याआधीच मी जुन्या शाळेतून शाळा सोडल्याचा दाखला काढला होता. दाखला निघाला की मुलाची ऑनलाइन नोंद जुन्या शाळेच्या पटावरून निघून 'ड्रॉपबॉक्स' नावाच्या तात्पुरत्या यादीत जाते आणि नवी शाळा ती ओढून घेईपर्यंत तिथेच पडून राहते. म्हणजे त्या काळात माझा मुलगा राज्यातल्या एकाही शाळेचा विद्यार्थी नव्हता. पुढे हीच गोष्ट आमच्या उपयोगी पडली हे खरे, पण तेव्हा संगणकावर ते पाहताना हातपाय गार पडले होते.

घरी आल्यावर बायकोने स्वयंपाकघरातले कॅलेंडर काढून माझ्यापुढे ठेवले. दूध किती आले, गॅस कधी लागला, हे ती ज्या चौकटींत लिहिते त्याच चौकटींत तिने प्रत्येक खेप लिहून ठेवली होती. ५ जून, सर भेटले, वाचायला लावले. ९ जून, विशेष शिक्षक नाही म्हणाले. १२ जून, विशेष शाळेत टाका. १६ जून, सर नाहीत, निकालाचे बोलले. १६ तारखेच्या चौकटीत त्याखाली 'दूध दीड लिटर' असेही होते. पुढे केलेल्या तक्रारीतला घटनाक्रम मी या पानावरून उतरवला, आणि सुनावणीत एकाही तारखेला कोणी हरकत घेतली नाही.

१८ जूनला मी साध्या कागदावर प्रवेशाचा अर्ज लिहून शाळेत नेला. लिपिक म्हणाले, "ठेवून जा, सर आले की दाखवतो." मी पोच मागितली. पोच द्यायची पद्धत नाही, असे उत्तर आले. मग तोच अर्ज, प्रमाणपत्राच्या आणि दाखल्याच्या छायाप्रती जोडून, त्याच दुपारी पोस्टाने पोचपावतीसह पाठवला. शाळा पोस्टापासून चारशे पावलांवर आहे, त्यामुळे खिडकीवरच्या माणसालाही गंमत वाटली. तिसऱ्या दिवशी शाळेतून फोन आला. "पोस्टानं कशाला पाठवलं? आपण काय परके आहोत का?" परके नव्हतोच, म्हणून तर चार खेपा बोलण्यात गेल्या होत्या. २५ जूनला शाळेचे दोन ओळींचे पत्र मिळाले: आठवीच्या तुकडीची प्रवेशक्षमता पूर्ण झाल्यामुळे आपल्या पाल्यास प्रवेश देता येत नाही. खाली सही, शिक्का आणि जावक क्रमांक. इतक्या वाईट मजकुराच्या पत्राने मला इतका आनंद होईल असे कधी वाटले नव्हते.

दुसऱ्याच दिवशी दोन कागद गेले. एक माहितीच्या अधिकाराचा, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून शाळेच्याच जनमाहिती अधिकाऱ्याला, कारण अनुदानित शाळेलाही हा कायदा लागू आहे: आठवीची मंजूर तुकडी, आजची पटसंख्या आणि १ जूनपासून झालेल्या प्रवेशांच्या जनरल रजिस्टरमधील नोंदी, विद्यार्थ्यांची नावे झाकून. दुसरा कागद तक्रारीचा, जिल्हा परिषदेत माध्यमिक विभागाच्या शिक्षणाधिकाऱ्यांकडे.

हे दुसरे पत्र मी प्रथम सहा पानांचे लिहिले होते. मुलाच्या जन्मापासून सुरुवात होती, छत्रपती संभाजीनगरला तपासणीसाठी मारलेल्या खेपा होत्या, नातेवाईक काय काय बोलले तेही होते. आमच्या गल्लीत शिक्षण खात्यातले एक निवृत्त केंद्रप्रमुख राहतात. त्यांनी ते वाचले, चष्मा काढला आणि म्हणाले, "बाबा रे, अर्जात रडायचं नसतं. रडायचं ते घरी." त्यांनी सहाची दीड पाने केली. काय मागितले, कोणत्या तारखेला, काय उत्तर आले, ते कोणत्या कलमाविरुद्ध आहे आणि आता काय आदेश हवा, एवढेच त्यात उरले.

कलमांचे थोडे सविस्तर सांगायला हवे, कारण माध्यमिक शाळेच्या बाबतीत इथेच गोंधळ होतो. शिक्षण हक्क कायदा २००९ चा असून तो ६ ते १४ वयाला आणि पहिली ते आठवीला लागू आहे. त्यामुळे आठवीचा वर्ग हायस्कूलमध्ये भरत असला तरी कायद्याच्या दृष्टीने तो प्राथमिक शिक्षणाचाच भाग आहे, आणि मुलाला प्रवेश मिळतो की नाही, तो शाळेत येतो की नाही हे पाहणे हे कलम ९ प्रमाणे स्थानिक प्राधिकरणाचे कर्तव्य आहे. महाराष्ट्राच्या नियमांत सहावी ते आठवीसाठी शाळा तीन किलोमीटरच्या आत असावी असे आहे. आमची शाळा एक किलोमीटरवरही नाही. नववीपासून मात्र हा कायदा साथ सोडतो. तिथे दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ कामी येतो. कलम ३१ नुसार ४० टक्के किंवा अधिक दिव्यांगत्व असलेल्या मुलाला वयाच्या अठराव्या वर्षापर्यंत जवळच्या शाळेत, अथवा त्याच्या पसंतीच्या विशेष शाळेत, मोफत शिक्षणाचा हक्क आहे. यातला 'पसंतीच्या' हा शब्द मी अर्जात अधोरेखित केला होता. विशेष शाळा हा मुलाचा आणि पालकांचा पर्याय आहे, शाळेने दाखवायचा दरवाजा नव्हे. ज्याला विशेष शाळा हवी आहे त्याने ती जरूर घ्यावी. काही मुले तिथे फार चांगली रमतात आणि त्यात कमीपणा काहीच नाही. आमच्या मुलाला नको होती, एवढेच.

विशेष शिक्षक नसल्याचे कारणही टिकणारे नाही. याच २०१६ च्या अधिनियमाच्या कलम १६ मध्ये शासनाने मान्यता दिलेल्या सर्वच शाळांवर भेदभाव न करता प्रवेश देण्याचे आणि मुलाच्या गरजेप्रमाणे वाजवी सोयी करण्याचे बंधन घालण्याची तरतूद आहे. त्यात आधी शिक्षक नेमा आणि मग प्रवेश द्या, असा क्रम कुठेही नाही. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२१ मध्ये विशेष शिक्षकांचे प्रमाण ठरवून दिले, प्राथमिकला दहा मुलांमागे एक आणि त्यापुढे पंधरा मुलांमागे एक. ते प्रमाण आमच्या भागात प्रत्यक्षात किती पाळले जाते, यावर न बोललेले बरे. पण समग्र शिक्षा योजनेतून समावेशित शिक्षणाचे, म्हणजे नेहमीच्या शाळेतल्या दिव्यांग मुलांसाठीचे, शिक्षक शाळाभेटी देतात, आणि ते शिक्षक नेमून द्या अशी मागणी शाळेने करायची असते.

अर्जाला जोडलेल्या कागदांत सर्वांत मोलाचा कागद प्रमाणपत्र नव्हता. सातवीच्या वर्गशिक्षिका असलेल्या बाईंनी हाताने लिहिलेले एक पान होते ते. प्रमाणपत्र ठरवणाऱ्या तपासणीत चाळीस बाबी तपासतात आणि शेवटी त्यांचा एक आकडा होतो. त्या आकड्यावरून वर्गात काय करायचे हे कोणालाच कळत नाही. बाईंनी लिहिले होते की याला एका वेळी एकच सूचना द्यावी आणि शक्यतो ती फळ्यावर लिहावी. उत्तरासाठी मनात वीसपर्यंत मोजावे. गोंगाट वाढला की तो कान झाकतो, तेव्हा त्याला पाच मिनिटे व्हरांड्यात उभे राहू द्यावे, तो आपणहून परत येतो. आणि शाळेच्या टोलाजवळच्या खोलीत त्याला बसवू नये. शेवटी एक ओळ होती: 'भूमितीच्या आकृत्या वर्गात सर्वांत नेटक्या याच्या.' या पानामुळे आमच्या मागण्यांना हात-पाय फुटले. 'विशेष लक्ष द्यावे' अशी मोघम मागणी केली असती तर शाळेने ती जमणार नाही असे म्हटले असते. टोलापासून दूरची खोली द्या, या मागणीला एक पैसा लागत नाही.

शिक्षण हक्क कायद्यात कलम ३२ खालच्या तक्रारीवर तीन महिन्यांत निर्णय द्यायचा असतो आणि तो मान्य नसेल तर राज्य बालहक्क संरक्षण आयोगाकडे अपील करता येते. तीन महिने म्हणजे पहिले सत्र जवळपास संपले. म्हणून केंद्रप्रमुखांनी अर्जात एक वाक्य मुद्दाम घातले होते, की मूल आज कोणत्याही शाळेच्या पटावर नसून शाळाबाह्य ठरत आहे, तरी निर्णय होईपर्यंत त्यास तात्पुरते वर्गात बसू द्यावे. शाळाबाह्य हा शब्द कार्यालयात लगेच कानावर पडतो, कारण त्याचा अहवाल वर द्यावा लागतो. एक प्रत मी पुण्याला दिव्यांग आयुक्तांना पाठवली. दिव्यांगांच्या हक्कांबाबतच्या तक्रारींत या आयुक्तांना साक्षीदार बोलावण्याचे आणि कागद मागवण्याचे दिवाणी न्यायालयासारखे अधिकार आहेत. आमचे प्रकरण तिथपर्यंत गेले नाही, पण प्रत गेल्याची नोंद अर्जाच्या तळाशी सर्वांना दिसत होती.

माहितीच्या अधिकाराचे उत्तर २२ जुलैला आले. तुकडी भरल्याचे पत्र शाळेने दिले २५ जूनला, आणि जनरल रजिस्टरप्रमाणे २६ जून ते ११ जुलै या काळात आठवीत पाच प्रवेश झाले होते.

२८ जुलैला सुनावणी झाली. सुनावणी म्हणजे फार मोठे काही नव्हते. एक लांब टेबल, एका बाजूला मी आणि बायको, समोर मुख्याध्यापक आणि संस्थेचे एक पदाधिकारी, मध्ये फायलींचा ढीग. पदाधिकाऱ्यांनी बोलायला सुरुवात केली ती इतर पालकांच्या नाराजीपासून. शिक्षणाधिकाऱ्यांनी रजिस्टरची नक्कल त्यांच्यापुढे सरकवली आणि विचारले की हे पाच प्रवेश कोणत्या जागांवर झाले. मुख्याध्यापक म्हणाले की ती मुले ओळखीतली होती. बोलून गेल्यावर त्यांना स्वतःलाच ते कसेसे वाटले असावे, कारण त्यानंतर त्यांनी बराच वेळ पाण्याचा ग्लास हातात धरून ठेवला. अधिकाऱ्यांनी मला विचारले की शाळेकडून नेमके काय अपेक्षित आहे. मी बाईंचे पान वाचून दाखवले. टोलाचा मुद्दा आला तेव्हा ते मुख्याध्यापकांना म्हणाले, "एवढंच करायचंय का? मग अडचण काय आहे, ते लेखी द्या." लेखी कोणी काही दिले नाही.

३० जुलैचा आदेश तीन परिच्छेदांचा आहे. प्रवेश तत्काळ द्यावा, समावेशित शिक्षणाच्या शिक्षकांच्या भेटी निश्चित करून घ्याव्यात, सात दिवसांत अनुपालन अहवाल सादर करावा. १ ऑगस्टला मुलगा वर्गात बसला.

प्रवेशाने सगळे सुरळीत झाले असे नाही. आठवीच्या दोन खोल्यांपैकी लांबची खोली मिळाली, पण त्या शाळेचा टोल म्हणजे लिंबाच्या फांदीला टांगलेला रुळाचा तुकडा आहे आणि त्याचा आवाज बाजारापर्यंत जातो. पहिल्या आठवड्यात मुलगा दोनदा दप्तर तिथेच टाकून घरी आला. नंतर शिपाई मामांनी आपणहून एक गोष्ट सुरू केली; टोल देण्याआधी ते त्याच्या खिडकीवरून जाताना हात वर करतात, हा कान झाकतो, मग ते टोल देतात. आदेशात हे कुठेच नव्हते. वर्गातली काही मुले अजूनही त्याची वाक्ये त्याच्यासारखीच परत म्हणून दाखवतात. इंग्रजीच्या सरांचे त्याच्याशी जमलेले नाही. गणिताच्या बाईंचे उत्तम जमले आहे, आणि मुख्याध्यापक आता मला रस्त्यात भेटले तर आधी नमस्कार करतात, जो मला अजून थोडा अवघड वाटतो.

आता चिंता वार्षिक परीक्षेची आहे. राज्यात २०२३ मध्ये नियम बदलल्यापासून पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा होते, अनुत्तीर्ण मुलाला पुन्हा एक संधी मिळते आणि त्यातही जमले नाही तर त्याच वर्गात ठेवता येते. मुलाला उत्तरे येतात, पण ती कागदावर उतरायला वेळ लागतो. दिव्यांग विद्यार्थ्यांसाठी तासाला वीस मिनिटे जादा देण्याची पद्धत बोर्डाच्या परीक्षेत सर्वांना माहीत आहे. शाळेच्या परीक्षेत मात्र ती मागावी लागते, आणि घटक चाचणीला "बघू, तेव्हा देऊ थोडा वेळ" असे मला तोंडी सांगण्यात आले होते. वेळ मिळाला नाही. म्हणून या सोमवारी लेखी अर्ज घेऊन गेलो. लिपिकांनी या खेपेला न मागता आवक नोंदवही उघडली, क्रमांक टाकला आणि माझ्या प्रतीवर शिक्का मारून दिला. उत्तर अजून आलेले नाही. बायकोने कॅलेंडरवर तारीख लिहिली आहे.